दणक्याने बांधलेला डबा

बाजारात त्याला सगळे दणका म्हणत. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं होतं, आणि त्याखाली एकदा कुणीतरी खडूने 'आणि मोडतोड' असं जोडून पसार झालं. ते कुणाचं काम हे शोधायला दणक्याने सगळी गल्ली पालथी घातली. शिंप्याची कॉलर धरली, चष्मेवाल्याला त्याच्याच आरशावर आपटलं, आरसा फुटला, चष्मेवाल्याच्या कपाळाला खोक पडली, आणि खडूवाला काही सापडला नाही. तो परत आला तोवर लेकीने ओल्या फडक्याने पाटी पुसून टाकली होती. पुसलेल्या जागेकडे बघत तो बराच वेळ तसाच उभा राहिला. राग तर अजून हातात शिल्लक होता, आणि तो आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

असा हा माणूस. वाईट म्हणावं, तर कुणाचं यंत्र अडलं की तोंडातला घास टाकून धावायचा. चांगलं म्हणावं, तर धावत जाऊन तिथे कुणाला तरी बदडून यायचा. बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला बाजूने एक ठोसा मारून त्याने तो सुरू केल्याचं बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दणका हे नाव तिथून पडलं. त्या एका ठोशाची कौतुकं इतकी झाली की माणसांच्या बाबतीतही आपला उपाय लागू पडतो असं त्याला वाटू लागलं असावं. पुढच्या ठोशांचं कौतुक कुणी केलं नाही.

दुकानात त्याच्या जोडीला त्याचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दणका जेवढा उतावीळ, तेवढा हा संथ. मशीन उघडलं की काढलेले स्क्रू तो काढलेल्या क्रमाने टेबलावर मांडायचा आणि त्याच क्रमाने परत लावायचा. दणक्याला हे बघवत नसे. एके दिवशी एक स्क्रू घरंगळून चालू मदरबोर्डवर पडला, ठिणगी उडाली, गिऱ्हाइकाचा बोर्ड गेला. दणक्याने काही विचारलं नाही, सांगितलं नाही, मेव्हण्याच्या कानाखाली अशी लगावली की त्याच्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. त्या कानाने त्याला नंतर कधीच ऐकू आलं नाही. तो दुकानात यायचा मात्र थांबला नाही; फक्त खुर्ची फिरवून, चांगला कान दणक्याकडे करून बसू लागला. बहिणीपायी माणूस काय काय सोसतो, ते बघायचं तर त्याच्याकडे बघावं.

त्या दिवशी डॉक्टरच्या बाकावर बसल्या बसल्या बायको दणक्याला म्हणाली होती, "आता परत हात उचललात, माझ्यावरच नाही, कुणावरही, तर मी पोरीला आणि भावाला घेऊन निघून जाईन. मग मला समजवायला येऊ नका."

ती आवाज चढवून बोलली असती तर दणका आवाज चढवून उत्तर देऊन मोकळा झाला असता. ती भाजी काय करायची ते विचारावं तशी बोलली. दणका घाबरला. एवढ्या आडदांड माणसाला आयुष्यात एकच भीती होती, की घरी जावं आणि घरात कुणी नसावं.

तेव्हापासून त्याने एक तोड काढली. दुकानाच्या मागच्या खोलीत भंगारातलं एक रिकामं कॅबिनेट ठेवलं आणि राग आला की तिकडे जाऊन तो त्याला हातोडीने ठोकायचा. गिऱ्हाईक उधारीवर हटून बसलं, पार्टवाल्याने जुना माल नवा म्हणून दिला, की दणका मान खाली घालून मागे जाणार आणि मागून धाडधाड आवाज येणार. बायको काउंटरवर बसून गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायची, "बसा, येतीलच." आवाज जितका मोठा तितकं तिला बरं वाटायचं. कॅबिनेटचा पार पापड झाला की दुसरं आणलं जायचं. अशी किती गेली याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण माणूस एकही गेला नव्हता. दणका हे अधूनमधून बोलून दाखवी. आपण सुधारलो अशी त्याची खात्रीच पटत चालली होती.

आणि खात्री पटायला दुसरं कारण म्हणजे लेक. ती आपल्यावर गेलेली नाही, आईवर गेलीये, असं तो येईल त्याला सांगायचा. पोरगी अबोल. तासन् तास कॉम्प्युटरपुढे बसून चित्रं हलती करायची. तिने एक छोटी फिल्म करायला घेतली होती. त्यात एक बाई घरातलं एकेक भांडं उचलते आणि फोडते, बशा, ताटं, बरण्या, दिव्याच्या काचा, आणि शेवटी तिच्या हातात एकच कप उरतो. काचेचा प्रत्येक तुकडा कसा उडेल, कुठे पडेल, हे पोरीने महिनोन् महिने बसून केलं होतं. दणक्याने ते पाहिलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. म्हणाला, एवढ्या गरीब पोरीला हे सुचतं कसं. बायको हसली नव्हती.

फिल्म शेवटाला आली आणि गाडी अडली. एका स्टुडिओने पोरीला सांगितलं होतं, पुरी करून आण, आवडली तर काम देतो. त्यांचं सॉफ्टवेअर नवं, आणि ते पोरीच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डवर उघडायलाच तयार नाही. स्टुडिओवाले भले होते, म्हणाले, आमच्याकडे येऊन बस, आमच्या मशीनवर पूर्ण कर. पोरगी तयार होती. दणक्याचं डोकं सटकलं. माझी लेक, आणि दुसऱ्याच्या मशीनवर बसणार? लोक काय म्हणतील, दणक्याला स्वतःच्या पोरीचा डबा नीट करता येत नाही? तो डबा त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने बांधला होता, वर्षं झाली त्याला. आतल्या वायरी मागच्या पत्र्याआड अशा दडवून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अशा आवळून बांधल्या होत्या की बघणाऱ्याला आत वायर आहे की नाही असं वाटावं. फिल्मची दुसरी प्रत ठेवायला दुसरी हार्डडिस्कही त्याने त्याच डब्यात बसवून दिली होती. मेव्हणा म्हणाला होता, दुसरी प्रत बाहेर असावी. दणका म्हणाला होता, बाहेर ठेवली की हरवते.

तर मग ठरलं की त्याच जुन्या डब्यात नवं कार्ड घालायचं. बायकोने विचारलं, नवीन मशीनच का नाही बांधत. दणका मागच्या खोलीत गेला आणि धाडधाड आवाज सुरू झाला, म्हणून तिने परत विचारलं नाही.

काम करायला घेतलं सकाळी. पोरगी समोर स्टुलावर येऊन बसली. आधी मेव्हण्याने बोर्डातलं बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, नवं केलं, कारण जुन्या बोर्डाला आपल्या जन्मानंतर निघालेल्या कार्डाची ओळख नसते, पडदा काळाच राहतो. ते होताना मध्ये वीज गेली तर बोर्ड कायमचा मरतो, म्हणून मेव्हणा श्वास रोखून बसला होता आणि दणका त्याच्या मागे येरझाऱ्या घालत, अजून किती वेळ, अजून किती वेळ, असं भुणभुणत होता. बायॉस झालं.

मग कार्ड. नवं कार्ड चांगलं हातभर लांब. ते खाचेत बसायच्या आधीच हार्डडिस्क ठेवायच्या पिंजऱ्यावर जाऊन आपटलं. दणक्याने ते तिरकं करून पाहिलं, दाबून पाहिलं, आणि मग पत्रा कापायची कात्री उचलली. मेव्हण्याने आतल्या डिस्क आधीच काढून ठेवल्या होत्या; तो म्हणाला, पिंजरा रिव्हेटने ठोकलाय, ड्रिल मारून सोडवू, पत्रा वाकायचा नाही. दणक्याने ऐकलं नाही. गुडघ्याने कॅबिनेट दाबून धरलं आणि पिंजरा कापायला लागला. पत्रा किंचाळत होता. कात्री सटकली, तळहात पत्र्याच्या धारेवरून गेला, रक्त बोर्डावर पडायला नको म्हणून मेव्हण्याने झटकन डबा बाजूला ओढला, तर दणक्याने त्याच्यावर शिव्यांची सरबत्ती केली. लेकीसमोर नको ते शब्द बोलला. मग उरलेला पिंजरा हातांनीच पिळून, उपटून बाहेर काढला आणि भिंतीवर भिरकावला. भिंतीचा पोपडा उडाला. पोरगी तशीच बसून होती, फक्त तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

बायकोने हाताला पट्टी बांधली आणि तेवढ्यात विचारलं, मागे जाऊन येता का जरा. तो म्हणाला, आता राग आहे कुठे, आता काम आहे.

राहिला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो जड डबा. जुना या कार्डापुढे अपुरा, म्हणून दणक्याने दुसऱ्या कंपनीचा मोठा आणला होता. दोन्हींच्या वायरी एसएमपीएसच्या बाजूने सुटणाऱ्या, हव्या तेवढ्याच जोडायच्या. इथे धंद्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने करायची गोष्ट एकच असते: एसएमपीएस बदलला की वायरीही त्याच्याच घ्यायच्या, जुन्यातली एकसुद्धा ठेवायची नाही. टोकं सारखी दिसतात, भोकं सारखी असतात, खट्‌कन बसतात, पण आतला तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा आपापला; चुकीची लागली की पुढचा भाग जळतो. दणक्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नवशिक्यांना तो हे ओरडून सांगायचा.

पण पिंजरा गेल्याने डिस्क तळाला बसवायच्या लोखंडी पट्ट्या आणायला मेव्हणा पार्टवाल्याकडे गेला, आणि दणका एकटा राहिला, दुखऱ्या हाताने. बोर्डाची जाडी वायर बदलली. कार्डाची नवी लावली. हार्डडिस्कची वायर मात्र मागच्या पत्र्याआड, त्याने स्वतः आवळलेल्या पट्ट्यांमध्ये. ती सोडवायची तर सगळ्या पट्ट्या कापा, सगळं बांधकाम उसवा. त्याने बोट घालून पाहिलं, पट्टी टोचली, तो एक शिवी हासडून म्हणाला, राहू दे हिला. आणि जुन्या वायरीचं टोक त्याने नव्या एसएमपीएसमध्ये दाबलं. खट्‌कन बसलं.

मेव्हणा परत आला, डिस्क बसवल्या, पत्र्याआडून डोकावणारं टोक त्यांना जोडलं. सवयीने विचारलं, "वायरी सगळ्या बदलल्यात ना, भाऊजी?"

"मला शिकवतोस?" दणका म्हणाला.

बटण पोरीने दाबावं असं दणक्यालाच वाटलं. त्याच्या मनात कौतुक होतं, ते खोटं नव्हतं. पोरीने वाकून बटण दाबलं. पंखा फिरला, आणि त्याच क्षणी खालून चट् असा आवाज आला, मग दुसरा. जळक्या प्लास्टिकचा कडवट वास आला. दोन्ही डिस्कच्या खालून धुराची एकेक बारीक रेघ निघाली. मेव्हण्याने झडप घालून मुख्य वायर उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पोरीने फक्त एवढंच विचारलं, "दोन्ही?"

दणक्याने आधी डिस्ककडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे. डिस्क कुणी बसवल्या? मेव्हण्याने. जोडणी कुणी केली? मेव्हण्याने. एवढं त्याला पुरलं. मागची खोली चार पावलांवर होती, दार उघडं होतं, हातोडी टांगलेली दिसत होती. तो तिकडे गेला नाही. त्याने मेव्हण्याची गचांडी धरली आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं.

मांडलेले स्क्रू चौफेर उधळले. मेव्हणा ओरडला नाही, त्याने फक्त हात चेहऱ्यापुढे घेतले. दणक्याने ते हात खाली ओढले आणि पट्टी बांधलेल्या मुठीने मारलं. नाक फुटलं. बायको मध्ये पडली, तिला त्याने कोपराने उडवलं, ती काउंटरच्या कडेवर जाऊन आदळली. मेव्हणा खाली पडल्यावर दणक्याने लाथ घातली, बरगडीवर, पुन्हा बरगडीवर. आणि त्या पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उघडं कॅबिनेट होतं, आणि वाकलेल्या दणक्याला त्याच्या आत ती वायर सरळ समोर दिसली. जुन्या कंपनीचं नाव तिच्या टोकावर पांढऱ्या अक्षरात छापलेलं. नव्या एसएमपीएसमध्ये घुसवलेली. त्याने स्वतः.

त्याला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. आता हात थांबायला हवा होता, तर तो जास्तच चालायला लागला. जणू हा माणूस जागेवरून उठला नाही तर चूकही जागेवरून उठणार नाही. मेव्हणा रक्ताच्या तोंडाने काहीतरी सांगत होता, "केबल, भाऊजी, केबल," आणि तो शब्द ऐकू येऊ नये म्हणून दणका त्या तोंडावरच मारत होता.

तेव्हा त्याच्या खांद्यावर पहिला घाव बसला. त्याला वाटलं बायको असेल. वळला तर लेक. टेबलावर काढून ठेवलेला जुना एसएमपीएस तिने त्याला अजून जोडलेल्या वायरींच्या झुपक्याने धरला होता, आणि तो वजनदार डबा गोल फिरवून ती पुन्हा हाणत होती. दुसरा घाव मानेजवळ बसला. दणका गुडघ्यावर आला, मग हात टेकून बसला. तिसरा घाव तिने नेम धरून घातला, टेकलेल्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दणक्याने हात ओढून पोटाशी घेतला तर ती पाठीवर मारत राहिली. तोंडातून शब्द नाही, रडणं नाही, फक्त प्रत्येक घावाला श्वास सोडल्याचा आवाज.

शेवटी मेव्हण्यानेच तिला आवरलं. त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. त्याने बसूनच तिच्या पायांना मिठी घातली आणि म्हणाला, "सोड, बाळ. मी ठीक आहे. सोड."

तिने डबा सोडला. तो फरशीवर पडला, फरशीचा टवका उडाला.

दुकानासमोर आता माणसं जमली होती, शिंपी, चष्मेवाला, येणारेजाणारे. आत कुणी आलं नाही. बायको काउंटरला धरून उठली, पदराने भावाचं नाक दाबलं, आणि त्याला उभं करता करता म्हणाली की डॉक्टरकडे जायचं. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. पोरीला म्हणाली, घरी जाऊन कपडे भर, माझेपण. मेव्हणा मात्र मध्येच थांबला. त्या अवस्थेत त्याने वाकून दोन्ही डिस्क काढल्या आणि खिशात घातल्या. डिस्कखालची सर्किटची पाटीच जळली असेल, तो सुजल्या ओठांनी म्हणाला, आतली चकती शाबूत असेल, तशीच दुसरी डिस्क मिळाली तर तिची पाटी लावून बघू. फिल्मचं बोलत होता. दणक्याला तेव्हा जी लाज वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती.

आणि तरी त्याची जीभ सवयीने तयारच होती. माफ कर, परत होणार नाही, एकदा, शेवटचं. तेव्हा डॉक्टरच्या बाकावर त्याने बायकोला म्हटलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, मोडलेला हात मांडीवर, आणि त्याने मान वर केली ती हे बोलायलाच. समोर लेक उभी होती.

तिचे केस कपाळाला चिकटले होते. गाल लाल झाले होते. खांदे, जे कायम आखडलेले असत, ते खाली आले होते, मोकळे. ती आपल्या तळव्यांकडे बघत होती आणि बोटं हळूहळू मिटत, उघडत होती. आई तिच्या चेहऱ्यात भीती बघत होती. बाहेरच्या लोकांना वाटलं, पोरगी सुन्न झाली. त्या दुकानात एकट्या दणक्याला तो चेहरा काय आहे ते कळलं, कारण तो चेहरा आतून कसा असतो हे त्याला माहीत होतं. हाताचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

"बरं वाटलं?" त्याने विचारलं.

ती दचकली. आईला कळू नये असं काहीतरी पकडलं गेल्यासारखं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग खोटं बोलायचं तिला जमलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"मला दर वेळी वाटतं," दणका म्हणाला.

पोरगी एक पाऊल पुढे आली, बहुतेक त्याचा हात बघायला, आणि दणका तिच्यापासून मागे सरकला, भिंतीत शिरायला बघावं तसा. मघापासून तोंडात धरून ठेवलेली माफी, विनवणी, शेवटचं एकदा, ते सगळं त्याने गिळलं. कुणी नसलेलं घर त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"घेऊन जा तिला," तो बायकोला म्हणाला. "लांब जा. मी बोलवायला आलो तरी तिला परत येऊ देऊ नकोस."

बायकोने त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिने एका बाजूला भावाला धरलं, दुसऱ्या बाजूला पोरीला, आणि लोकांनी वाट करून दिली तशी ती तिघं निघून गेली. मागे धुराचा वास होता आणि फरशीभर स्क्रू. थोड्या वेळाने दणका डाव्या हाताने ते वेचायला लागला. कुठला कुठून निघाला होता, हे त्याला एकाचंही सांगता आलं नसतं.